अर्थिंग

दूध बाजारात घेतला तेव्हा विकणारा म्हणाला,
चालू पीस आहे ताई, फिरवून बघा.
फिरतो. तेहतीस म्हणजे तेहतीसच.
पण सुई टेकायच्या आधीच
दोन्ही स्पीकरांतून एक जाड आवाज,
रात्री फ्रिजला पाठ टेकून बसावं तसा.

पहिला शनिवार वायरींवर गेला.
लाल पिन, पांढरी पिन, काढ, पूस, घाल.
राउटर आतल्या खोलीत. मोबाईल गॅलरीत.
ट्यूब बंद, मिक्सरचा प्लग काढला,
फ्रिजही बंद करून पाहिला (दही आंबलं).
टर्नटेबल हातभर सरकवला, मग दोन हात.
आवाज जागचा हलला नाही.
शेवटी चिडून सुईच्या दांडीच्या बुंध्याला बोट लावलं
आणि तो गप्प.
काढलं, आला.
लावलं, गेला.
एक अख्खी बाजू मी तशीच ऐकली,
उभ्याने, बोट धातूवर,
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहिलं.

सोमवारी खालचे निकुंभ जिना चढून आले.
मी आधीच सॉरी म्हटलं.
तक्रार नाही, म्हणाले,
रात्री छतातून येतं ते ओळखीचं वाटलं.
एकतीस वर्षं एकलहऱ्याला काढली. हा तिथलाच.
सेकंदाला पन्नास.
रेकॉर्ड कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.
गुडघ्यांवर बसले, मागे हात घातला.
हिरवी कुठाय?
हिरवी?
जिथे असायला हवी होती तिथे दीड इंचाचं शेपूट,
कुणीतरी कात्रीने कापलेलं,
अडचण वाटली असेल,
कुठेच जात नाही असं वाटलं असेल.
निकुंभांच्या खिशात वायरीचा तुकडा होताच.
दातांनी सोलला, शेपटाला पीळ देऊन जोडला,
दुसरं टोक स्पीकरच्या पाठीवरच्या त्या स्क्रूला
ज्याला मी आजवर नुसता स्क्रू समजत होते.

आवाज निम्मा झाला.
निम्माच.

मग त्यांनी खालून होल्डर आणला, साठचा बल्ब,
एक वायर फेजला, एक वरच्या मोठ्या भोकात.
बल्ब पेटला नाही, नुसता तांबूस झाला,
खोटं बोलताना पकडलेल्या माणसाच्या कानासारखा.
या भोकाला कुणी विचारत नाही, निकुंभ म्हणाले.
बिल्डरनेही नाही.

पार्किंगच्या मागे, कुणाच्या तरी बंद पडलेल्या स्कूटीखाली
लोखंडी झाकण निघालं.
आत मे महिना.
माती भेगाळलेली, एक कोळी, एक गुटख्याची पुडी.
खडेमीठ आहे? लोणच्याचं चालेल.
मी बरणी आणली. त्यांनी कोळसा आणला
चौकातल्या इस्त्रीवाल्याकडून, फुकट.
तीन बादल्या पाणी.
जमीन प्यायली तेव्हा चर्रर्र असा आवाज झाला.
वॉचमन पुंजाराम लांबून म्हणाला,
झाड लावलं का साहेब?

वर येऊन बटण दाबलं.
काही नाही.
इतकं काही नाही की मला वाटलं, लाइट गेली.
सुई टेकवली तर आधी धूळ ऐकू आली,
मग गाणारीने आत घेतलेला श्वास,
जो मी इतके दिवस बोटाने धरून ठेवला होता.
बसा ना, म्हटलं.
गाण्यातलं मला कळत नाही, म्हणाले,
आणि पहिला सूर लागेस्तोवर
एक चप्पल घालून दारातच उभे राहिले.

आता आठवड्याला एक बादली. पुंजाराम विचारत नाही.

परवा जिन्यात भेटले.
रात्री लावलं नव्हतं का?
लावलं होतं की, अकरापर्यंत.
हो का. खाली काही आलंच नाही.
मी म्हटलं, डाव्या स्पीकरात अजून जरासं आहे,
अगदी कान लावला तर.
असू द्या, म्हणाले.
दोन पायऱ्या उतरले.
मग वळून परत वर आले :
किती?